हवेतला ठोका

कुठं भिंत फोडायचा ब्रेकर हवेत वाजला की ब्रेकरमावशी हातातला घास ताटात ठेवून उठत. भिंतीवर चालणाऱ्या ब्रेकरचा आवाज जड, दबलेला असतो. छिन्नी भिंतीवरून उचलली आणि खटका तसाच दाबून धरला, की तोच आवाज मोकळा आणि कर्कश होतो. आम्हाला दोन्ही सारखेच, दोन्हींनी डोकंच उठायचं. मावशींना मात्र पलीकडच्या गल्लीतूनही फरक कळायचा. चपला न घालता त्या आवाजाच्या दिशेनं चालू लागत आणि मशीन धरणारा गुत्तेदार असो की त्याचा बाप, त्याला चारचौघांत फैलावर घेत.

त्यांचं खरं नाव रस्त्यावर कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या घरापासून चार दुकानं सोडून त्यांचं दुकान होतं. पाटीवर फक्त ‘मशीन भाड्याने मिळेल’ एवढंच लिहिलेलं. माहेर खुलताबादकडचं, शेती करणारं. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणत, त्यांनी सारी उमर ब्रेकर चालवण्यात घालवली होती. शेवटी बोटं अशी बधिर झाली, की चहाचा कप हातातून कधी सुटला हे त्यांना कप फुटल्यावर कळे. तेव्हा मावशींनी त्यांचं मशीन भाड्यानं द्यायला सुरुवात केली, आणि हळूहळू आणखी मशीनं घेतली. घर त्यावरच चालत होतं. मिस्त्री दुकानाच्या दारात लोखंडी खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत.

मशीन देण्याआधी मावशी शिकवणी घेत. मी एकदा नुसता पेचकस मागायला गेलो होतो, तर मलाही घेतली. आधी छिन्नी टेकवायची, मग भार द्यायचा, मग खटका. आणि उचलायच्या आधी खटका सोडायचा. ठोक्याला समोर भिंत मिळाली नाही, तर तो मशीनमध्येच परत फिरतो. तो झेलायला आत एक रबरी रिंग असते, पण तिलाही मर्यादा आहे. फायलीपेक्षा जड काही न उचलणाऱ्या माझ्यासारख्या कारकुनाला हे ज्ञान कशाला, असं मी म्हणालो. घर बांधणाऱ्याला आज ना उद्या काहीतरी फोडावंच लागतं, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं. एके दिवशी महापालिकेची माणसं आली आणि दोन्ही बाजूंच्या घरांवर लाल रेघा ओढून गेली. कुणाचा ओटा गेला, कुणाचा जिना, कुणाची अर्धी खोली. रेघेपर्यंतचं ज्याचं त्यानं पाडायचं, नाहीतर जेसीबी येणार. आणि जेसीबी एकदा भिंतीला भिडला, की रेघेच्या मागची भिंतही त्याच्याबरोबर खाली येते, हे आम्ही दुसऱ्या रस्त्यावर पाहिलं होतं. म्हणून आपलं घर आपणच नीट कापायचं, असा आमच्याकडचा शहाणपणा. त्यासाठी सगळे मावशींच्या दारात उभे राहिले.

कुणीतरी सुचवलं, की मावशींनी या कामाला मशीन देऊच नये. मावशी छिन्नीला ग्रीस लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मी नाय दिलं तर जेसीबी येतंय. जेसीबीला रेघ दिसत नाय.” 

त्या दिवसांत मशीनं परत येत ती आजारी होऊन. मावशी संध्याकाळी दुकानात बसून एकेक उघडत आणि आतली फाटलेली रिंग चिमटीत धरून मिस्त्रींना दाखवत. इतक्या रिंगा पूर्वी कधी गेल्या नव्हत्या. माणसं मशीन चालू करत, आणि छिन्नी स्वतःच्या भिंतीला टेकवणं त्यांना होत नसे. खटका दाबून ती तशीच उभी राहत, आणि मशीन हवेत ठोके मारत राही. फाटक्या रिंगेवरून मावशींना कळे, की हा माणूस किती वेळ नुसता उभा होता.

समोरच्या हिमरू शालींच्या दुकानातले चाचा तर मशीन घेऊन गेले आणि घटकाभरात तसंच परत घेऊन आले. “मेरे से नै होता मावशी, तुमीच करो,” एवढंच म्हणाले. मावशी पदर खोचून गेल्या आणि त्यांची भिंत पाडून आल्या. नंतर आणखी कितीजणांच्या पाडल्या. दुपारी त्या धुळीनं पांढऱ्या होऊन परत येत.

माझी पाळी आली. रेघेच्या पुढं आमची बैठकीची भिंत होती. तिचा गिलावा बाबांनी हौसेनं स्वतः केला होता आणि त्याला सगळ्या लाटा आल्या होत्या. त्यावरून बाबांची आम्ही त्यांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत चेष्टा केली. मी शिकवल्याप्रमाणे मशीन उचललं, छिन्नी त्या लाटांजवळ नेली, आणि खटका दाबला तेव्हा ती भिंतीपासून वीतभर लांब होती. ती जवळ नेणं मला जमेना. 

मावशी आल्या. आता सगळ्या आळीदेखत उद्धार होणार म्हणून मी मान खाली घातली. पण त्यांनी नुसतं बटण बंद केलं आणि पायरीवर बसल्या.  मग म्हणाल्या, “आत येवढुशी रिंग हाय भाऊ. समद्या रस्त्याचं तिनं किती सोसायचं?” मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. भिंत त्यांनीच पाडली.

त्यांच्या स्वतःच्या घरावरची रेघ सगळ्यांत वाईट होती. दुकान पूर्ण रेघेच्या पुढं, मागं उरत होती चुलीपुरती खोली. मावशी मिस्त्रींना हाताला धरून कचेरीत गेल्या, कागद दाखवले. साहेब चांगले बोलले, पण रेघ सरळच जाणार म्हणाले. आम्हीही दोघंतिघं बरोबर गेलो होतो. साहेबांनी आम्हाला चहा पाजला, आणि आम्ही तो पिऊन परत आलो.

पाडायच्या दिवशी मावशींनी मशीन भिंतीजवळ आणलं, तेव्हा मिस्त्री खुर्चीवरून उठले. ही भिंत मी बांधली, मीच पाडणार, असं म्हणाले. आम्ही त्यांना अडवायला पुढं झालो. मावशींनी हातानंच आम्हाला थांबवलं आणि मशीन त्यांच्या हातात दिलं. मिस्त्रींनी खटका दाबला. छिन्नी काही भिंतीला लागेना. बोटांत जोर नव्हता की मनात, कोण जाणे. मशीन हवेत किंचाळत होतं, मिस्त्रींच्या अंगासकट थरथरत होतं, आणि आम्ही सगळे मावशींकडे बघत होतो.

मावशी त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. “मारा,” म्हणाल्या, “जितकं मारायचं तितकं मारा हवेत.”

तो आवाज किती वेळ चालला कुणास ठाऊक. मी मध्येच घरात निघून आलो, पण तिथंही तो ऐकू येतच होता. अखेर तो जड झाला, दबला, तेव्हा मशीन मावशींनी घेतलंय हे मला बाहेर न येताही कळलं.

रेघेवर त्यांनी भिंत इतकी सरळ कापली होती, की मागच्या खोलीचा एक चिराही हलला नव्हता. पण त्या खोलीत मिस्त्रींची खाट टाकल्यावर मशीनं ठेवायला जागा उरली नाही. काही दिवस ती ताडपत्रीखाली बाहेर राहिली. मग डांबर पडायला सुरुवात झाली आणि ताडपत्रीही उचलावी लागली. मशीनं विकून दोघं शेंद्र्याला लेकीकडं गेली. लेक कारखान्यात लागली आहे, बरं चाललंय, असं मध्यंतरी कळलं. जाताना मावशींनी आमच्या दारात येऊन “येते भाऊ” म्हटलं. मी अडवायला हवं होतं, पण अडवून त्यांना ठेवणार कुठं?

रस्ता खरंच मोठा झाला आहे. ऑफिसला लवकर पोचतो. त्यांचं दुकान जिथं होतं तिथून आता डाव्या बाजूची वाहनं जातात, आणि माझी स्कूटर रोज सकाळी त्यावरूनच जाते. ऑफिसला जायला दुसरा रस्ता नाही.