शालूने काढलेला बर्फ

शालू फ्रीजपुढे बसल्या बसल्या कलंडली. बर्फ काढायला फ्रीझरचं दार उघडं ठेवलं होतं, खाली परात होती, हातात ओलं फडकं. मला वाटलं, पाटावरून घसरली. "शालू ऊठ, पाणी सांडतंय," म्हणाले. नाही उठली... शेजाऱ्यांनी गाडी काढली, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तिला कळलंही नसेल. घरी परत आले तर फ्रीज तसाच उघडा आणि स्वयंपाकघरभर पाणी. आधी ते पुसलं, मग नागपूरला नातेवाइकांना फोन केले. याला आता दीड महिना झाला.

शालू माझी नणंद. मी लग्न होऊन फरीदाबादला आले तेव्हा ती फ्रॉक घालायची. सासू नव्हती, म्हणून तिच्या वेण्या मीच घातल्या. मी चौथी शिकलेली, ती मात्र शिकतच गेली. लग्न केलं नाही. लोक मला विचारायचे, नणंदेचं का नाही जमवलं? मी म्हणायचे, ती समोर बसलीय, तिलाच विचारा. मग कोणी विचारत नसे.

ती इथेच एका प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी वाढवायची. "दिवसभर करतेस काय?" विचारलं की म्हणे, "पेशी पाळते, वहिनी. तू कशी तुळस पाळतेस." पेशींना नुसतं खाणं देऊन भागत नाही म्हणे. वाढा, असा निरोपही लागतो. आपल्या अंगात तो निरोप एक प्रथिन पोचवतं. प्रयोगशाळेसाठी तेच प्रथिन जंतूंकडून करून घेतात. माणसाच्या अंगातली कृती जंतूत घालायची आणि जंतूने ते बनवायचं. मी म्हटलं, "म्हणजे कृती माणसाची आणि रांधणार जंतू?" ती इतकी हसली की चहा सांडला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना सांगून आली.

आमचा हा फ्रीज तेव्हाही जुनाच होता. एका दाराचा, आत बर्फाचे डोंगर साठवणारा. तो बर्फ खरवडून माझे खांदे दुखायचे. शेवटी आमच्या ह्यांनी जुना देऊन नवा घ्यायचं ठरवलं. दुपारी नवा आला. दोन माणसांनी जुन्याची वायर काढली, तो उचलून दारापर्यंत नेला, आणि समोरून शालू रिक्षातून उतरली. छातीशी थर्मास धरलेला, चेहरा उतरलेला. प्रयोगशाळेची लाइट गेली होती, जनरेटरही बसला होता. थर्मासमध्ये बर्फात एक डबी, डबीत ते प्रथिन, इवल्या इवल्या नळ्यांत वाटून गोठवलेलं. ते वितळलं तर कामातून गेलं. नवं परदेशातून यायला महिने लागणार, आणि तोवर तिच्या पेशी मरणार. कित्येक वर्षांचं तिचं काम त्या पेशींवर उभं होतं.

"भैया, रुको! वापस रखो. ये नहीं जाएगा."

"मॅडम, एक्सचेंज का है."

"तो नया ले जाओ."

मी उखडले. "वेडी झालीस का ग? नव्यात ठेव ना तुझी डबी."

"नवा अजून थंड व्हायचाय. आणि तो स्वतःच बर्फ वितळवतो, वहिनी. त्यासाठी मधूनमधून आत गरम होतो. तुझ्या मटारांना चालतं, याला नाही चालत."

तिने तिथेच दारात फ्रीझर उघडला. आत हातभर बर्फ, दगडासारखा.

"किती दिवस खरवडला नाहीस?"

"दिवाळीपासून."

"शाब्बास! तुझ्या आळसाने पहिल्यांदा कुणाचं भलं केलं."

हे म्हणाले, "बिल्कुल. मग आता नवा फ्रीज विसरायचा ना?"

"विसरते," मी म्हटलं, "पण यातला बर्फ यापुढे शालूने काढायचा. मरेपर्यंत."

"चलो, डन," म्हणून तिने डबी बर्फात खुपसली, आणि त्या माणसांनी कुरकुरत जुना फ्रीज परत जागेवर नेला.

पुढच्या आठवड्यात ती रसमलाई घेऊन आली. दारातूनच ओरडली, "जगल्या!" मला वाटलं, कुणी बाळंतीण वाचली. पेशींचं बोलत होती. त्या दिवशी तिने एकटीने अर्धी रसमलाई खाल्ली आणि रात्री जेवली नाही.

शब्द मात्र पाळला. मोठ्या पदावर गेली, रिटायर झाली, हे गेल्यावर आम्ही दोघीच उरलो, तरी बर्फ तीच काढायची. सुरी लावू द्यायची नाही. कोमट पाण्याची वाटी आत ठेवून पाटावर बसायची आणि बर्फ सुटेपर्यंत माझ्याशी भांडायची. भाजीत मीठ, टीव्हीचा आवाज, काहीही चालायचं. तिचं आयुष्य बरं गेलं. हवं ते काम केलं, हवं ते खाल्लं, आणि अंथरुणाला खिळली नाही. मरेपर्यंत, असं मीच म्हटलं होतं. त्याचं मी वाईट वाटून घेत नाही. आणखी काय म्हणणार होते?

नागपूरचा पुतण्या म्हणतो, काकू, आता तरी नवा घे. कशाला? याचा घरघराट मला सवयीचा आहे. काल आत पाहिलं, बर्फ पुन्हा धरलाय. कोमट पाण्याची वाटी ठेवली आणि पाटावर बसले. भांडायला कोणी नव्हतं, म्हणून लवकर आटपलं.

त्या दुपारी या फ्रीजभोवती दारात आम्ही तिघं उभे होतो. हे गेले. शालू गेली. मी आहे.