गुडघ्यांची चौकशी

कोल्हापुरात हळू बोलणाऱ्या माणसाला लोक आधी तब्येत विचारतात. आमच्या बावड्यातल्या गल्लीतले वकिलातकाका बोलायला लागले की आई उठून पंखा बंद करायची. देशोदेशींच्या भारतीय वकिलातींत नोकरी करून ते निवृत्तीनंतर इथं येऊन राहिले होते, म्हणून हे नाव.

माझा दादा शिरोलीच्या कारखान्यातर्फे मशीन बसवायला परदेशी गेला आणि अडकला. बंदरावर ऐटीत फोटो काढून त्यानं तो तालमीच्या ग्रुपवर टाकला. मागं त्या लोकांची युद्धनौका! हेर समजून त्याला आणि सोबतच्या दोघांना आत टाकलं.

सरकारी प्रयत्न चालू होतेच. काकांनी मात्र गुपचूप तिथला जुन्या ओळखीचा एक अधिकारी गाठला. रोज सकाळी आमच्या घरी बसून त्याला फोन करायचे आणि इंग्रजीत त्याच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. जिना चढवतो का, तेल कुठलं लावतो. दादाचं नावसुद्धा नाही. मी अर्थ सांगितला तशी आई भडकली.

"भावजी, त्याच्या गुडघ्याचं काय घेऊन बसलाय? माझ्या पोराचं इचारा की."

"वहिनी, मी फोन कशाला करतो ते त्याला कळतं," काका म्हणाले. "विचारलं, तर त्याला नाही म्हणावं लागेल. मग सगळंच संपलं."

तेवढ्यात तालमीच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. दादाचा फोटो आणि खाली त्या देशाला सज्जड दम! आमच्याकडं प्रेम फ्लेक्सशिवाय सिद्धच होत नाही. काका भर उन्हात चौकात गेले. आपल्याला भिऊन सोडलं असं दिसणार असेल तर ते कधीच सोडणार नाहीत, हे त्यांनी पोरांना शांतपणे समजावलं. पोरं कुरकुरली, पण फ्लेक्स उतरला.

पुढं एका सकाळी काकांनी फोन ठेवला आणि आईला दादाची खोली झाडून घ्यायला सांगितलं. दादा आला. आई पेढे घेऊन धावली, तर काकांनी बजावलं, माझं नाव कुठंही घ्यायचं नाही, याच्यासोबतचे ते दोघं अजून आत आहेत.

गेल्या वर्षी काका गेले. शोकसभेत एकजण बोलला, माणूस भला, पण गावाच्या कधी उपयोगी पडला नाही. दादा ताडकन उठला. आईनं हात ओढून त्याला खाली बसवलं. तो तिथंच ढसाढसा रडला. त्या बोलणाऱ्याचा मला अजून राग येतो.

परवा आत राहिलेले ते दोघंही सुटून घरी पोचल्याचा फोन आला. आई अनवाणीच चौकात गेली आणि येईल-जाईल त्याला, अनोळखी माणसालासुद्धा, थांबवून सांगत राहिली, "पावणं, माझं पोरगं आमच्या भावजींनी आणलंय."