धोंडबाचं विंगेतलं स्टूल

नाटक कुणाचंही असो, धोंडबा गजभिये डाव्या विंगेत स्टुलावर असायचाच. मांडीवर पितळी पंप, पंपात आग विझवायचं कार्बन टेट. आग कधी लागली नाही, पण सगळी नाटकं त्याला पाठ झाली. नट अडला की प्रॉम्प्टरला सोडून धोंडबाच्या ओठांकडे बघायचा.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात फायर ब्रिगेडचे साहेब आले. "हे टेट आता बंद. तापलं की विषारी वायू सुटतो. आगीआधी नटच मरतील."

"काही नटांले चाललं असतं," धोंडबा पुटपुटला.

बदली म्हणून कोरड्या पावडरीचं लाल नळकांडं आलं. भिंतीला टांगलं की झालं. मॅनेजर आनंदराव म्हणाले, "मंग स्टूल काहून पायजे? तू गेटवर बस गा."

गेटवरून नाटक दिसत नाही.

त्यात नळकांडं रिकामंच आलेलं, मुंबईहून पावडरच येईना, आणि शनिवारच्या तपासणीत नळकांडं चाललं नाही तर नाट्यगृहाला कुलूप. साहेबांनीच तोड सुचवली, "तात्पुरता खायचा सोडा भरा. गठ्ठे होऊ नयेत असं काही त्यात मिसळा."

धोंडबाने घरातला सोडा उचलला.

"भज्यांत काय घालू, तुमचं नाटक?" बायकोने, कांताबाईने, विचारलं.

"घाल. फुगते तेही."

सोड्यात त्याने रंगपटातलं, नटांच्या तोंडाला लावायचं शंखजिरं मिसळलं.

शनिवारी मागच्या अंगणात साहेबांनी रॉकेलचा ट्रे पेटवला. "हं, मारा."

धोंडबा नळकांडं धरून उभाच.

"अहो, मारा ना."

"तिसरी घंटा नाही झाली, साहेब."

आनंदराव धावत आत गेले आणि घंटा बडवून परत आले. धोंडबाने दांडा दाबला. काहीच येईना. सोडा आत बसला होता. मग त्याने रडतं पोर जोजवावं तसं नळकांडं छातीशी धरून गदागदा हलवलं आणि पुन्हा दाबलं. भस्सकन् सगळा ढग बाहेर आला. आग विझली. साहेब आणि आनंदराव पांढरेफटक, पौराणिक नाटकात उभे करावेत असे.

साहेब खोकून म्हणाले, "पास. पण हे मिश्रण बसतं. खरी पावडर येईपर्यंत दर अंकाआधी हलवायला माणूस जवळच हवा."

आनंदरावांनी भुवया पुसल्या. "स्टूल ठेव जागेवर."

दिवाळीत खरी पावडर आली. धोंडबाने ती भरली, नळकांडं कानाशी धरून हलवलं आणि गंभीर चेहऱ्याने आनंदरावांना म्हणाला, "हे तं आणखीच बसून राहिली."