सिंधूनं शिवलेला गळपट्टा

माझी धाकटी जाऊ सिंधू कशाला भीत न्हाई ते विचारा, उत्तर लवकर मिळंल. कुकरची शिट्टी, रस्त्यानं धडधडत जाणारा ट्रक, छताला पडलेली बारीकशी चीर, तिला काहीही पुरतं. नांदेडला माझ्याकडं आली की पहिलं काम म्हणजे मान वर करून माझ्या स्लॅबकडं बघायचं, अन् मग गादी ओढत गॅलरीत न्यायची. सुरुवातीला मला लई राग यायचा. "माझं घर पडून राहिलंय का गं?" असं मी तोंडावर विचारायची. ती नुसती हसायची अन् गादी झटकायला लागायची.

तिचं माहेर किल्लारी. भूकंप झाला तेव्हा सहा वर्षांची होती. दगडामातीच्या ढिगातून तिला जिवंत काढलं. शेजारी झोपलेल्या भावाला पण काढलं, पण तो उठला न्हाई. हिच्या गळ्यात आजीनं बांधलेला चांदीचा ताईत होता, भावाच्या गळ्यात नव्हता. एवढ्यावरून तिच्या आईनं जे ठरवलं ते ठरवलं, अन् तेच सिंधूच्या डोक्यात पक्कं बसलं. ताईत हाय तर जीव हाय. आता असल्या बाईला मी काय समजवणार? मी तो विषयच काढत नव्हते.

अन् देवाची करणी बघा, अशा बाईच्या पोटी तनुजा आली. ही पोरगी पाळण्यातूनच उड्या मारायला बघायची. लातूरला राघवेंद्र सर सिमेंटच्या मैदानावर चाकांचे स्केट शिकवायचे, तिथं ती रमली अन् तिथून थेट बर्फावर गेली. शॉर्ट ट्रॅक म्हणतात त्याला. बंदिस्त हॉलमध्ये बर्फ, त्यावर लंबगोल फेरे मारायचे. चार-पाच पोरी एकदमच सुटतात, कोणाला वेगळी पट्टी आखून दिलेली नसते. वळणावर डावा हात बर्फाला टेकवायचा, अंग पार झोकून द्यायचं, एकमेकींना घासत पुढं निघायचं. अन् पायाखाली काय, तर हातभर लांब पातं, चांगलं धार लावलेलं! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीच मोबाईल पालथा ठेवला, मग सिंधूचं काय सांगू.

तिनं लेकीची एकही रेस उघड्या डोळ्यांनी बघितली न्हाई. मोबाईल माझ्या हातात, अन् ही बाजूला डोळे गच्च मिटून बसायची. "अक्का, उभी हाय का? उभी हाय का तेवढं सांगा." पोरगी पहिली आली का शेवटची, त्याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

यंदा डेहराडूनला आशियातल्या देशांची स्पर्धा होती अन् तनुजाची निवड झाली. नांदेडहून सचखंड एक्सप्रेस पकडायची म्हणून मायलेकी आदल्या दिवशी लातूरहून माझ्याकडं आल्या. शिवशंकर, म्हणजे माझा दीर, एसटीत ड्रायव्हर. त्याला सुट्टी मिळाली न्हाई. तनुजा सरांसोबत जाणार होती, अन् रेस होईपर्यंत सिंधू माझ्यापाशी राहणार होती. एकटीनं ते सगळं सोसायचा दम तिच्यात नव्हता.

जेवता जेवता तनुजानं गळ्यातला ताईत काढून आईच्या हातावर ठेवला. "तिथं गळ्यात काही घातलेलं चालत न्हाई आई. तुझ्यापाशी ठेव." भाकरीचा तुकडा सिंधूच्या हातात तसाच राहिला.

दुपारी पोरगी झोपली अन् ही माझ्या शिलाई मशीनवर जाऊन बसली. ब्लाउज शिवण्यात तिचा हात धरणारी त्यांच्या गल्लीत कोणी न्हाई, त्यामुळं मला काही वेगळं वाटलं न्हाई. चहा घेऊन गेले तर ही तनुजाच्या नव्या कोऱ्या गळपट्ट्याशी झटत होती. लहान लेकरांच्या लाळेऱ्यासारखा असतो तो, गळ्याभोवती बसतो अन् खालचा भाग ड्रेसच्या आत जातो. सरांनी खास स्पर्धेसाठी मागवला होता. जुना तनुजानं सरांच्याच एका लहान पोरीला देऊन टाकला होता. सिंधूला त्या नव्या पट्ट्याला चीर पाडून आत ताईत सरकवायचा होता अन् वरून शिवून टाकायचं होतं.

"काय मेलं कापड हाय अक्का, कातर चालंना झाली!"

"मग सोड की गं. पोरीला कळलं तर चिडंल."

"कळत न्हाई तिला. गळ्यापाशी पाहिजे म्हणजे पाहिजे."

दात-ओठ खाऊन शेवटी तिनं चीर पाडलीच. माझी चांगली कातर बोथट करून ठेवली, त्यावरून मी तिला सुनावलं पण. टाका मात्र असा बारीक घातला, की बोटानं चाचपल्याशिवाय कोणाला कळू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी तनुजा गाडीत बसली अन् मी पहिल्यांदाच सिंधूचा चेहरा निवांत बघितला. स्टेशनवरून येताना तिनं चक्क पेरू घेतले.

रेसच्या दिवशी मोबाईल पोह्याच्या डब्याला टेकवून आम्ही दोघी खाली बसलो. आधी दुसऱ्या पोरींच्या रेस चालल्या होत्या. एका वळणावर दोघी घसरल्या, एकीचा पाय वर उडाला अन् पातं दुसरीच्या गळ्यावरून गेलं. माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं. पण ती पोरगी उठली, गळा चोळत बाहेर गेली. रेसचं वर्णन करणारा हिंदीतून सांगत होता, की गळ्याला पट्टा असतो, त्याचं कापड पात्यानं कापत न्हाई, म्हणून निभावलं.

"बघ," मी सिंधूला म्हणलं, "सगळी काळजी घेतात ते लोक. तू उगाच जीव काढून राहिलीस."

तिनं डोळे उघडले.

"अक्का," ती म्हणाली, "म्हणून कातर चालत नव्हती हो."

मी आजवर हिच्या भीतीला हसले, चिडले, पण त्या वेळी तीच भीती माझ्या मानगुटीवर बसली. पोरीचा जीव राखायचं कापड आईनं स्वतःच्या हातानं कापलं होतं, अन् नेमकं गळ्यापाशी!

तनुजाला फोन लावला, बंद. सरांना लावला, बंद. शिवशंकर त्या वेळी गाडीवर, अन् त्याला सांगून तरी तो काय करणार? सिंधू परत परत तेच दोन नंबर लावत होती. मी माझ्या फोनवर 'पट्टा घालू नको' असं लिहिलं अन् तशीच थांबले. न घालता उतरली तर? ते खोडलं. 'पट्टा कापलेला हाय, दुसरा घाल' असं लिहून पाठवलं. मेसेज पोचलाच न्हाई.

अन् तेवढ्यात तनुजाचं नाव पुकारलं. पाच पोरी रेषेवर येऊन उभ्या राहिल्या. ड्रेसच्या आत काय घातलंय ते दिसतंय होय! सिंधू फोनला तोंड लावून सांगायला लागली, "तनू, मागं हो. तनू, उतरू नको."

सुटल्या. तनुजा मागं होती, मग एकीला टाकून पुढं आली, मग आणखी एकीला. एरवी मी टाळ्या पिटल्या असत्या. त्या दिवशी मनात एकच, बाई, मागंच राहा. शेवटच्या फेऱ्यांत ती आतल्या बाजूनं घुसायला गेली, पुढच्या पोरीचा पाय सटकला, अन् तिघी एकमेकींत गुंतून भिंतीच्या गाद्यांवर जाऊन आदळल्या. पायातली पाती वर चमकली. अन् बरोबर तिथंच ते मेलं नेट अडकलं. फोनवर नुसतं गोल गोल फिरायला लागलं.

"उभी हाय का?" सिंधू विचारत होती. "अक्का, सांगा ना हो. उभी हाय का?"

मी काय सांगू? चित्र परत आलं तर तिथं दुसऱ्याच पोरी उभ्या होत्या. सिंधू उठली, दाराशी गेली, परत आली, भिंतीला धरून खाली बसली. रडत पण नव्हती. मला वाटलं, हिला आता डॉक्टरकडंच न्यावं लागतंय.

फोन वाजला तो किती वेळानं, मला आठवत न्हाई. तनुजाच होती. मी स्पीकर लावला.

"तनू, बरी हायस का गं?"

"खांदा लागलाय काकू. आई हाय का तिथं?" आवाज रडून बसलेला होता. "आई, उतरायच्या आधी सामान तपासणाऱ्या बाईनं माझा पट्टा चाचपला. म्हणली, हा कापलेला हाय, हा घालून उतरायचं न्हाई. आत ताईत निघाला. कातर तू लावलीस?"

सिंधू फोनजवळ सरकली.

"बोल ना आई. तू लावलीस?"

"हाव," सिंधू म्हणाली. "मीच लावली."

पलीकडं तनुजानं नाक ओढलं.

"थायलंडची एक पोरगी आमच्या आधी हरून बाहेर आली होती. तिनं घामानं भिजलेला स्वतःचा पट्टा काढून मला दिला. नाव पण नीट कळलं न्हाई मला तिचं. आई, पातं गळ्यावरूनच गेलं. तिच्या पट्ट्यावर ओरखडा हाय." अन् मग पोरगी हमसून हमसून रडली. "उद्या हजार मीटरची रेस हाय. मला भ्या वाटून राहिलंय. तू न्हाई म्हणलीस तर न्हाई उतरत."

मी सिंधूकडं बघितलं. हिला तर असंच पाहिजे होतं! एक शब्द म्हणायचा अवकाश होता, पोरगी लातूरला परत येणार होती, कायमची. पदरानं तिनं तोंड पुसलं.

"उद्या पट्टा कोणाचा घालशील?" तिनं विचारलं.

"तिचाच. ठेव म्हणली."

"ओरखडा खोल हाय का?"

"न्हाई. सरांनी अन् त्या बाईनं बघितला. चालतो म्हणले."

"मग तोच घाल. चाचपून घाल. अन् ताईत माझ्यासाठी घेऊन ये." सिंधू एका दमात म्हणाली. "ती भीती माझी हाय तनू. माझ्याच गळ्यात असू दे."

दुसऱ्या दिवशी परत फोन डब्याला टेकवला. बर्फावर पोरी येऊन उभ्या राहिल्या तशी मी सवयीनं सांगायला तोंड उघडलं, तर सिंधूनं मला गप केलं. सबंध रेसभर तिनं डोळे मिटले न्हाईत. हात तेवढा गळ्यावर घट्ट धरलेला होता, स्वतःच्या.