फरशीवरची घोडी

ओहायोत, आमच्या डब्लिनच्या वेशीपलीकडे ती खुजे घोडे पाळते आणि ऑनलाइन लिलावात विकते. जन्म इथलाच, आईवडील नागपूरचे. माणसांशी ती इंग्रजीत बोलते. घोड्यांना मात्र मराठीत दटावते. मला काका म्हणते.

या धंद्यात घोडा जितका बुटका तितका भाव मोठा. म्हणून विकणारे त्याला उंच गवतात उभे करून फोटो काढतात. खूर झाकले जातात आणि घोडा आणखी लहान दिसतो. ती प्रत्येक घोडा सिमेंटच्या फरशीवर आणते आणि शेजारी मापाची काठी उभी धरते.

गेल्या शरदात तिची सर्वांत देखणी घोडी लिलावात होती. हिवाळ्याचा चारा त्याच विक्रीतून यायचा होता. बोली चढत असताना एका गिऱ्हाइकाने ताजे माप मागितले. तिने काठी लावली. घोडी वाढली होती. खुज्या घोड्यांच्या प्रदर्शनात उंचीची जी मर्यादा असते, तिच्याहून बोटभर उंच भरली.

तिचा नवरा म्हणाला, "उन्हाळ्यातलं माप सांग ना यार! तेही खरंच होतं."

"तेव्हा खरं होतं." तिने फोन माझ्या हाती दिला. "काका, रेकॉर्ड करा. काठी नीट दिसू दे."

बोली तिथेच थांबली. घोडी निम्म्या भावात गेली. चाऱ्यासाठी तिने घोडे वाहून नेण्याचा आपला ट्रेलर विकला.

परवा इथल्या मराठी मंडळात कोणीतरी विचारले, "ती घोडेवाली तुमच्या ओळखीची का हो?"

मी म्हणालो, "आमची आहे."