आगटेसाहेबांचा चिमटा

आगटेसाहेबांशी कुणाची ओळख करून दिली की ते हात मिळवायचे आणि मिळवलेला हात तसाच उलटा करून तळवा बघायचे. ज्योतिषी बघतो तसा नव्हे, मंडईत भेंडी बघावी तसा. हडपसरच्या कारखान्यात त्यांच्या हाताखाली ड्रॉइंग ऑफिसात मी रुजू झालो, त्या दिवशी माझाही तळवा त्यांनी असाच पाहिला.

"हडपसरचेच ना तुम्ही? घरी शेती?"

"हो साहेब."

"मग हे हात कुणाचे?"

"मी इंजिनियर आहे," मी ताठ मानेनं म्हणालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्या हातांना घट्टे पडू नयेत म्हणून वडिलांनी स्वतःच्या हातांना पाडून घेतले होते. त्यात लाजण्यासारखं मला काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

"ते दिसतंच आहे," साहेब म्हणाले आणि माझा हात मला परत केला.

"अवजार चुकलं की माणूस झिजतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सदाशिव पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत पोळपाटापासून अडकित्त्यापर्यंत एकही वस्तू बाजारातून आली तशी राहिलेली नव्हती. सगळ्या सुधारलेल्या. त्यातल्या काही चालायच्यासुद्धा.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मातीत पाय रोवून वाढणारं एक तरी झाड आपलं असावं, एवढी त्यांची इच्छा. म्हणून त्यांनी वाघोलीला प्लॉट घेतला. तेव्हा तिथे शेतं आणि दगडखाणी यांपलीकडे काही नव्हतं. शेजारी सोपानदादांचं शेत. आणि सोपानदादा दर नांगरटीला काकूंच्या बाजूनं थोडं थोडं सरकत होते. मी शेतकऱ्याचा मुलगा म्हणून स्पष्ट सांगतो, बांध कोरणं हे आमच्याकडे पाप नाही, हंगामी काम आहे.

काकूंनी कुंपण घालायचं ठरवलं. खांब आणले, तार आणली, मजूर लावले. साहेब मला घेऊन देखरेखीला गेले. वर काळी माती, खाली मुरूम. एक मजूर पहारीनं ठोकून जमीन मोकळी करायचा, मग पोटावर पालथा पडून खांद्यापर्यंत हात खड्ड्यात घालून मूठ मूठ माती बाहेर काढायचा.

साहेबांनी काम थांबवलं. "हा माणूस आहे की घूस? आधी अवजार होईल, मग कुंपण."

"किती दिवस लागतील?" काकूंनी विचारलं.

"पुढच्या रविवारी."

तो पुढचा रविवार बरीच वर्षं पुढेच राहिला.

खड्ड्यासाठी साहेबांनी चिमटा केला. समोरासमोर दोन पाती, त्यांना दोन लांब दांडे. उभ्या उभ्या जमिनीत आपटायचा, दांडे फाकवले की पाती मिटून माती धरतात, मग उचलून बाहेर टाकायची. असली अवजारं परदेशात मिळतात, हे मी कुठेतरी वाचलेलं त्यांना सांगितलं. "मिळत असतील," ते म्हणाले, "पण त्यांची आणि आपल्या काळ्या मातीची अजून गाठ पडलेली नाही."

कारखान्याच्या मागच्या अंगणात त्यांनी मला पहिला खड्डा खणायला लावला. मी म्हणालो, "छान आहे साहेब."

"तुमचं मत विचारलंय. सर्टिफिकेट नाही."

खरं मत मिळालं ते वाघोलीत. आम्ही चिमटा घेऊन प्लॉटवर गेलो, तर सोपानदादा बांधावर येऊन उभे राहिले. त्यांनी न विचारता चिमटा हातात घेतला, एक खड्डा खणला आणि कपाळ पुसत म्हणाले, "सायेब, ह्यो माती धरतोय झकास, पर सोडत न्हाई. आमच्या चुलत्यावानी हाय."

साहेबांना मी इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या खेपेला त्यांनी पात्यांना भोकं पाडून आणली, म्हणजे आत हवा शिरून ओली माती सुटावी. सोपानदादा म्हणाले, "आता सोडतोय, पर निम्मी वाटंतच सोडतोय." साहेब पुन्हा खूश. त्यांनी चिमटा सोपानदादांकडेच ठेवला. वापरा आणि तक्रारी सांगा.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, तो आपला बांध कोरतोय आणि तुम्ही त्यालाच अवजार देताय?"

"पण तक्रार किती मुद्देसूद करतो!"

दसऱ्यानंतर आम्ही तिघं गेलो, तर कुंपण उभं होतं. सोपानदादांचं. काकूंच्या जमिनीत चांगलं आत येऊन. त्या चिंचोळ्या पट्टीत काकूंची विहिरीची जागा होती. ती गेली की उरलेल्या प्लॉटवर घर काय आणि झाड काय! हद्दीचा दगड विचारला, तर सोपानदादा म्हणाले, "पावसात वाहून गेला असंल."

साहेबांनी एक डोळा मिटून खांबांची ओळ पाहिली. "सरळ आहे हो!"

"आपल्या जमिनीत आहे," काकू म्हणाल्या.

"हो. पण सरळ आहे."

त्यानंतर काही दिवसांनी मी पेठेत साहेबांकडे बसलो होतो. दारात सोपानदादा. खांद्यावर चिमटा, धुतलेला, तेल लावलेला. "उसनं अवजार घरात ठिवू न्हाई, सायेब. बरं नसतं ते." जमिनीबद्दल त्यांच्या घरात असा काही नियम नसावा.

साहेबांनी चिमटा उजेडात धरला. एका पात्याचं टोक वाकलेलं होतं. "हे कशानं झालं?"

सोपानदादांनी इमानदारीत सांगायला सुरुवात केली. "कुंपण झाल्यावर आतल्या अंगाला गोठ्याचा खांब रोवत हुतो. खाली दगूड लागला. लई जबर. पातंच फिरलं."

"म्हणजे पातं तापवून दिलेलं पाणी कमी पडलं. कसला दगड?"

"घडीव, चौकोनी. वरती खूण कोरल्याली..."

काकू चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कुंपणाच्या किती आत?"

सोपानदादांनी साहेबांकडे पाहिलं, मग काकूंकडे. चहा न घेता ते उठले.

काकूंनी सरकारी मोजणी मागवली. दगड गोठ्यातच निघाला. सोपानदादांनी फारशी कुरकुर न करता कुंपण मागे घेतलं, पट्टी परत आली. मी पेढे घेऊन गेलो, तर साहेब खिडकीकडे तोंड करून बसलेले.

"तो अवजाराची तक्रार सांगायला आला होता," ते काकूंना म्हणाले. "तू त्याची साक्ष करून टाकलीस."

"तुम्ही चिमटा करा," काकू म्हणाल्या. "मी घर करते."

आणि त्यांनी केलं. विहीर झाली, दोन खोल्या झाल्या, आंबा, जास्वंद, सगळं लागलं. साहेब निवृत्त होऊन तिथेच राहायला गेले. सोपानदादांशी वैर असं काही उरलं नव्हतं. चिमटा त्यांच्याकडे जायचा, यायचा. साहेब उत्सुकतेनं कुंपणापाशी जाऊन विचारायचे, "काय सोपानराव, काय म्हणतोय?"

"एक नंबर हाय, सायेब."

"माती अडकते?"

"छ्या! लोण्यावानी चालतोय."

परत येताना साहेबांचा चेहरा पडलेला असायचा. एकदा मला म्हणाले, "हा आता तुमच्यासारखा बोलायला लागला." मी इतकी वर्षं त्यांच्याकडे होतो, पण इतकं कोरडं, इतकं बरोबर वाक्य त्यांनी मला दुसरं ऐकवलं नाही. त्यानंतर चिमट्यात एकही सुधारणा झाली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचे, "दोष कळल्याशिवाय काय सुधारू? मला तर सगळे सुखी दिसतात."

त्या घरातच साहेब गेले. सगळं आटोपून आम्ही स्मशानातून परतलो, तेव्हा सोपानदादा कुंपणाच्या पलीकडे डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभे होते. मी जवळ गेलो. हळूच म्हणालो, "दादा, आता खरं सांगा. चिमटा कसा होता?"

त्यांनी दोन्ही मुठी एकमेकींजवळ आणून दाखवल्या. "खड्डा खोल गेला की दांडं फाकाय जागाच न्हाई. बोटं कडंला घासून कांद्यावानी सोलून निघायची. दांडा वरनं जरा वाकडा केला असता, तर भागलं असतं."

"मग त्यांना सांगितलं का नाही? ते तेवढ्याचीच वाट बघत होते."

"दर बारीला तोंडाशी यायचं," सोपानदादा म्हणाले. "पर काकू तितंच जास्वंदीला पाणी घालत असायच्या."