भावोजींचे त्रिकोण

उपाशी त्रिकोणांची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात एकच होता, आणि माझ्या ताईने नेमकी त्यालाच माळ घातली. आमचे भावोजी आमोण्याला नदीकाठच्या कारखान्यात बार्जींच्या, म्हणजे सपाट मालवाहू बोटींच्या, दुरुस्तीचे नकाशे काढत. हंगामभर खनिज वाहून थकलेल्या बार्जी पावसाळ्यात काठावर येऊन पडत, तेव्हा बहुतेकींच्या हौद्याच्या काटकोनी कोपऱ्यांत चिरा गेलेल्या असत. मालक तिथे जाड पत्र्याचे ठिगळ मारून मोकळे होत. पुढच्या वर्षी ठिगळाच्या शेजारी नवी चीर. भावोजींचे म्हणणे, कोपरा गोल करा, ठिगळ लागणारच नाही. मालकांचे म्हणणे, गणिताने दाखव. आमच्या घरादाराची दशा सुरू झाली ती इथून.

ही गणिताची रीत भावोजींनी चाळिशी उलटल्यावर एका जाडजूड इंग्रजी पुस्तकातून स्वतःच शिकायला घेतली. सबंध पत्र्याचे गणित एकदम सुटत नाही, म्हणून त्याच्यावर लहान लहान त्रिकोणांची जाळी कल्पायची, एकेका त्रिकोणावरचा ताण संगणकाकडून काढून घ्यायचा आणि शेवटी सगळे जुळवायचे. संगणक पणजीच्या एका कचेरीत. शनिवारी दुपारी तो रिकामा असे, म्हणून भावोजी साखळीहून बस पकडून त्याच्या भेटीला जात, तेही इस्त्रीचा सदरा घालून. ताईला बघायला आले होते तेव्हा सदऱ्याला इस्त्री नव्हती, हे ताई अजून विसरलेली नाही. "संगणकाक जाळी वायट दिली जाल्यार तो फटी मारता," भावोजी म्हणत. फटी म्हणजे थापा. "आनी लज नासतना मारता."

वाईट जाळी म्हणजे लांबट, काटकुळ्या त्रिकोणांची. त्रिकोण कसा, तिन्ही बाजूंनी खाऊन-पिऊन सुखी हवा. ताईने कलिंगड कापले की भावोजी एखादी बारीक फोड उचलून हळहळत, "हो पळय, बिचारो, उपाशी." पेडण्याला सोयऱ्यांकडे गेलो असता त्यांनी चहाबरोबर आलेले काजू मेजावर पसरले आणि यजमानीणबाईंची बांगडी मागून घेऊन मला नियम समजावला: तीन काजूंमधून वर्तुळ काढले तर आत चौथा काजू येता कामा नये, आला तर त्रिकोण बदलायचे. एका वर्तुळात चौथा आलाच. मी तो खाऊन टाकला. भावोजींनी माझ्याकडे बराच वेळ अतिशय दुःखाने पाहिले. "बिंदू खावंक मेळनात रे," ते म्हणाले. त्या घरात नंतर आम्हाला चहाबरोबर फक्त बिस्किटे मिळाली.

ते दिवस भाषेच्या भांडणाचे. घरोघरी कोकणी की मराठी यावरून जेवणे थंड होत होती. डिचोलीच्या बाजारात एकदा दोन्ही बाजूंच्या मंडळींनी भावोजींना मध्ये धरून विचारले, "तुमी कोणाचे, तें सांगात." भावोजी गंभीरपणे म्हणाले, "हांव त्रिकोणांचो. चौकोनवाले म्हजे शेजारी, पूण तांचें कोनशाकडेन अडटा." चौकोनवाल्यांचे कोपऱ्याशी अडते हे ऐकून दोन्ही पक्षांनी त्यांचा नाद सोडला.

आणि एवढे सगळे करून संगणकाचे पहिले उत्तर आले ते भलतेच. पत्रा फाटतो म्हणे मधोमध. मालक पोट धरून हसले. "थंय आमची एकूय बार्ज फुटूंक ना," ते म्हणाले. चवथ झाली की सगळीकडे नेहमीची ठिगळे मारायची आणि भावोजींनी पुन्हा मुकाट्याने नकाशे काढायला बसायचे, असे ठरले.  भावोजी आठवडाभर काजूंकडेही बघेनात.

चवथीला गणपतीच्या डोक्यावरची माटोळी त्यांनीच बांधली. माटोळी म्हणजे फळे टांगायची काठ्यांची चौकट. सगळे जग ती सारख्या घरांची बांधते. भावोजींनी ज्या कोपऱ्यात नारळांचा घड यायचा तिथे बारीक बारीक घरे केली, कागदावर ताणाच्या कोपऱ्यात बारीक त्रिकोण करत तशीच. ताई म्हणाली, "माटोळी देवाक बांदतात, तुमच्या बार्जीक न्हय." ऐन आरतीत माटोळी हळूहळू वाकू लागली, पण घडाखाली नव्हे, बारीक घरे संपून मोठी सुरू होत होती तिथे. बारीक काठ्यांची टोके मोठ्या काठीवर नुसती टेकली होती, बांधलेली नव्हती. आम्ही खालून हातांनी आधार देत आरती म्हणत होतो आणि भावोजी टाळ घेऊन वर बघत प्रसन्न हसत होते. त्यांच्या कागदावरच्या जाळीतही नेमक्या त्याच ठिकाणची, पत्र्याच्या मधोमधची, टोके कोणाला बांधलेली नव्हती. संगणकाला ती फट म्हणजे चीर वाटली होती.

पुढच्या शनिवारी टोके जोडून दिल्यावर उत्तर बरोबर कोपऱ्यात आले. मालकांनी डोके खाजवले आणि एका बार्जीचा एक कोपरा गोल करायची परवानगी दिली. एकच.

पुढच्या पावसाळ्यात ती बार्ज काठावर आली, तेव्हा भावोजी वर चढेनात. छत्री धरून खालीच उभे राहिले आणि मला पाठवले. तीन कोपऱ्यांत दरवर्षीच्या चिरा होत्या. चौथ्यावरून मी दोनदा हात फिरवला.

"कितें?" खालून आवाज आला.

वीस चेष्टा तयार होत्या माझ्याकडे. त्यातली एकही तोंडातून निघाली नाही. "कांय ना," मी म्हणालो, "गुळगुळीत आसा."

भावोजींनी मान हलवली. छत्री मिटली, पाऊस पडत असूनही. मग काठावर ओळीने पडलेल्या सगळ्या बार्जींकडे, त्यांच्या सगळ्या काटकोनी कोपऱ्यांकडे ते बघत राहिले. पिकू लागलेल्या केसांतून पाणी गळत होते, आणि त्यांना घरी नेण्याची घाई मलाही नव्हती.